भाकरीच्या उंचीची खुर्ची

अण्णा लाकडाला गुण्या लावायचे तेव्हा श्वास धरायचे. काटकोन तपासायचा तो लोखंडी गुण्या लाकडाला टेकवायचा, लाकूड शेडच्या दारातल्या उन्हाकडं धरायचं, एक डोळा मिटायचा आणि गुण्याच्या पात्याखालून उजेड येतोय का ते बघायचं. तेवढा वेळ आपणही हलायचं नाही. बाहेर गल्लीत भाजीवाला ओरडत असायचा, कुणाच्या तरी बोअरची मोटार घरघरत असायची, पण त्या पत्र्याच्या शेडमध्ये परीक्षेच्या वर्गासारखी शांतता. मग अण्णा श्वास सोडायचे. तो कसा सोडला त्यावरनं कळायचं, लाकूड वाचलं का बंबात गेलं.

बहुतेक वेळा बंबातच जायचं.

नाव दत्तात्रय, पण सगळ्या वडवणीचे ते अण्णाच. जमीन मोजणीच्या खात्यात त्यांची सगळी नोकरी गेली. मी त्यांच्या हाताखाली लागलो, आणि पुढं त्यांच्याच गल्लीत भिंतीला भिंत लावून घर बांधलं. लाकडाचा नाद त्यांना नोकरीत असल्यापासूनच होता. कुठं जुनं घर पाडायला काढलं की अण्णा तिथं हजर. सागवानी वासे, फळ्या टेम्पोत घालून आणायचे आणि रविवारभर रंधा मारत बसायचे. निवृत्त झाल्यावर तर सगळे वारच रविवार झाले. पण इतक्या वर्षांचा हा नाद, आणि त्या घरात अण्णांच्या हातची एकही वस्तू नव्हती. एक फळी नाही, एक स्टूल नाही. काहीतरी करायला घ्यायचे, शेवटाला आणायचे आणि कुठंतरी सूतभर फरक निघायचा. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तेवढ्यासाठी ते अख्खी वस्तू फोडायचे.

कौसल्यावहिनी म्हणायच्या, "भावजी, आमच्यासारखी आंघोळ राजाबी करीत नसंल. सागवानावर तापलेलं पाणी! अंगाला लावायच्या आधी पाया पडावं वाटतंय."

अण्णा हसायचे नाहीत. लाकडाच्या बाबतीत त्यांना थट्टा चालत नव्हती.

लेकीच्या लग्नासाठी त्यांनी नवरानवरीचे दोन पाट केले होते. सुंदर पाट. कडेनं वेल कोरलेली. हळदीच्या दिवशी मांडव भरलेला, आणि अण्णांनी दोन्ही पाट शेजारी शेजारी ठेवून त्यावर बोट फिरवलं. एक पाट सूतभर उंच. ते तसेच दोन्ही उचलून शेडकडं निघाले. वहिनी हळदीच्या हातानं मागं धावल्या. "अवं, लोकं नवरी बघतेत का पाट?"

"मला दिसतंय ना."

"मग तुमी डोळे मिटून बसा. लगीन पोरीचं हाय."

पाट फुटले. लेक मंडपवाल्याच्या खुर्चीवर बसली. तिच्या पाठवणीच्या रडण्यात त्या पाटांचा वाटा होता हे अण्णांना कळलं होतं. कळूनही सांगता यायचं नाही, असा तो माणूस.

हे वेड कुठनं आलं ते मला ठाऊक आहे. गेवराईकडं आम्ही एकदा एका बांधाची मोजणी करायला गेलतो. दोन चुलतभाऊ, दोघांच्या मागं आपापली माणसं, एकाच्या हातात उघडी कुऱ्हाड. अण्णांचा नियम होता: एकानं मोजायचं, आकडा मोठ्यानं बोलायचा, दुसऱ्यानं तो परत तपासायचा, मगच खूण पक्की करायची. त्या दिवशी घाईत दगड आधीच रोवले गेले आणि मग माझ्या तपासणीत वीतभर फरक आला. मी अण्णांच्या कानाशी लागलो. वाटलं, आता गप बस म्हणतील. अण्णा सगळ्यांच्या मधे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "माझं चुकलं. दगड काढा. परत मोजतो."

साहेब लोक चुकतात हे सगळ्यांना माहीत होतं, साहेब तसं म्हणतो हे कुणी ऐकलं नव्हतं. अण्णा त्या कुऱ्हाडवाल्याकडं वळले. "ती खाली ठेव अन् टेपचं हे टोक धर. नीट धर, हलवू नको." त्यानं धरलं.

जीपमध्ये बसल्यावर मला म्हणाले, "सुध्या, आपल्या वीतभर चुकीवर ती माणसं एकमेकाला तोडतील बे."

ते खरंच होतं. बांधावर तो नियम माणसं वाचवत होता. अण्णांनी तोच नियम घरी आणला आणि लाकडाला लावला. आणि दुसरा डोळा म्हणून मला.

संध्याकाळी भिंतीपलीकडनं हाक यायची, "सुध्या, डोळा लाव." मी जायचो. वस्तू उन्हात, दिव्यात, उलटी, सुलटी करून बघायचो. "ठीक आहे" म्हटलेलं त्यांना चालत नसे. "नीट बघितलं न्हाईस," म्हणायचे आणि दारात उभे राहायचे. मग मी काहीतरी शोधायचो. शोधलं की सापडतंच. हळूहळू मला त्याची गोडी लागली, हे मी आजवर कुणाला बोललो नाही. ऑफिसात याच माणसानं माझे नकाशे सगळ्यांसमोर परत परत काढायला लावले होते. आता तोच माणूस श्वास धरून माझ्या तोंडाकडं बघत उभा राहायचा.

मग वहिनींच्या अंगावरून वारं गेलं. डावी बाजू. बीडला दवाखान्यात राहून त्या घरी आल्या, धरून धरून चालायला लागल्या. डावा हात जड पडला होता, पण उजवा शाबूत. जमेल ते स्वतः करू द्या, बसवून ठेवलंत तर आहे तेही जाईल, असं डॉक्टरांनी अण्णांना बजावलं होतं. वहिनींना एकच करायचं होतं, भाकरी. गल्लीतली एक बाई येऊन भाकऱ्या करून जायची, त्या वहिनींच्या घशाखाली उतरत नव्हत्या. "ही भाकरी हाय का कागुद? माज्या हातानं भाकरी केली की मी बरी झाले, अन् न्हाई करता आली तर समजा मी गेले."

उभं राहून करणं शक्य नव्हतं. घरातली प्लॅस्टिकची खुर्ची ओट्याला खुजी पडायची आणि फरशीवर सरकायची. पुण्याहून मुलगा महेश फोनवर म्हणाला, "अण्णा, मी मागवतो ना. दोन-चार दिवसांत घरपोच."

"तिच्या मापाची येईल का?"

"मापाचं काय अण्णा, खुर्ची ती खुर्ची."

अण्णांनी फोन ठेवला. त्याच दिवशी वहिनींना खाटेच्या कडेला बसवून त्यांनी मापं घ्यायला सुरुवात केली. टाचेपासून गुडघा, बसकं, कोपर. आकडा मोठ्यानं बोलायचे, मी परत तपासून बोलायचो, अगदी बांधावरच्यासारखं.

वहिनी म्हणाल्या, "सरकारी मोजणी हाय का? हद्द कुणीकडं निघतीया बघा. अर्धी तर मी गेलीच हाय."

टेप धरलेला अण्णांचा हात तिथंच थांबला. मग वहिनींनीच सावरून घेतलं. "भाकरीच्या उंचीची करा. हात मोकळे राह्यले पायजेत. बाकी कशीबी असू द्या."

बाकी कशीही, हे अण्णांनी ऐकलंच नाही.

पहिल्या खुर्चीचे हात खालीवर झाले. फुटली. दुसरीचा एक सांधा उन्हानं उकलला. तीही फुटली. वहिनींची खाट खिडकीशी होती, तिथनं शेड दिसायची. सुरुवातीला रोज विचारायच्या, "झाली का?" अण्णा आतनं म्हणायचे, "होतीया." पुढं पुढं रंध्याचा आवाज थांबला की त्या नुसत्या मान उचलून बघायच्या. मग बघणंही सोडलं. भिंतीकडं तोंड करून पडून राहायला लागल्या. जेवण कमी झालं. अण्णांना ते दिसत होतं. जितकं दिसत होतं तितके ते रंध्यावर जोर काढत होते, आणि जितका जोर तितकी चूक. एकदा पटाशीची धार हातात घुसली, तर कपडा गुंडाळून तसेच बसले. मी म्हणालो, "अण्णा, आज राहू द्या."

"आज राहू द्या, उद्या राहू द्या. ती तिकडं वाळून चाललीय बे."

तिसरी खुर्ची दुपारी तयार झाली. हाक आली. मी गेलो.

बघताक्षणी कळलं की ही वेगळी आहे. जड नव्हती, पण जमिनीला चिकटून उभी होती. बसून बघितलं, हलवून बघितलं. चारी पायांना गुण्या लावला, कुठंच उजेड नाही. हातांवरनं तळवा फिरवला, कुसळ नाही. अण्णा दारात श्वास धरून उभे. मला फक्त "झाली" एवढंच म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "मागचा डावा पाय सूतभर बाहेर वाटतोय."

तो पाय सरळ होता. मला पक्कं माहीत होतं की सरळ आहे. का म्हणालो? सवयीनं म्हणालो असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो. पण सवय हे अर्धंच खरं. ती खुर्ची झाली असती तर अण्णांना माझी गरज उरली नसती. दारातलं ते उभं राहणं संपलं असतं. आणि आणखी एक आहे, ते लिहायला हात कचरतो. इतकी नेटकी वस्तू त्यांच्या हातून झालेली मला बघवली नाही.

अण्णा पुढं आले. माझ्या हातातला गुण्या घेतला, पण तो न लावताच वाकून बघितलं, डोळा मिटला, आणि त्यांनाही तो पाय बाहेर दिसला. मी म्हणालो म्हणून दिसला. एक शब्द न बोलता त्यांनी लाकडी हातोडा घेतला आणि पाय ठोकून काढायला लागले. सांधा इतका घट्ट बसला होता की पाय उभा चिरला.

तो आवाज वहिनींनी ऐकला असणार. त्यांना कळलं असणार की हीही गेली. त्या उठल्या, भिंत धरत स्वयंपाकघरात गेल्या. तेलाचा रिकामा डबा ओट्यापाशी ओढून पालथा घातला, बसल्या. परातीत पीठ घेतलं, गॅस पेटवला. आम्ही शेडमध्ये त्या चिरलेल्या पायाकडं बघत होतो तेव्हा आतनं आधी डब्याचा आणि मग परातीचा आवाज आला.

धावत गेलो तर वहिनी फरशीवर पडलेल्या, उजवा हात अंगाखाली सापडला होता. मनगट मोडलं. अर्धी थापलेली भाकरी फरशीवर, तवा तापून धूर सोडत होता. अण्णांनी आधी गॅस बंद केला, मग खाली बसले आणि वहिनींच्या तोंडावरचं पीठ पुसायला लागले. पुसतच राहिले. मी गाडी आणायला पळालो. बीडला जाऊन प्लास्टर घालून परत येईस्तोवर वहिनी चकार शब्द बोलल्या नाहीत. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर अण्णा सरळ शेडमध्ये गेले. मी मागं. कोपऱ्यातली कुऱ्हाड त्यांनी उचलली. तीन पायांवर लवंडलेली ती खुर्ची समोर होती. मला वाटलं, खुर्चीवर थांबणार नाहीत. शेड, लाकडं, हत्यारं, सगळंच फोडतील. मी एका शब्दानं त्यांना अडवू शकत होतो. पाय सरळ होता, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

खिडकीतनं वहिनींचा आवाज आला. पडल्यापासूनचा पहिला. "फोडली तर घरात यायचं न्हाई."

कुऱ्हाड वरच राहिली.

"ऐकू येतंय का? हाय तशी आणा. तीन पायाची हाय तर तीन पायाची आणा. मला बसायचंय, तिची पूजा न्हाई करायची."

अण्णांनी कुऱ्हाड खाली घेतली आणि लाकडांच्या ढिगावर तसेच बसून राहिले. मी निघून आलो.

सकाळी भिंतीपलीकडनं ठोकण्याचा आवाज यायला लागला. खिळ्यांचा. अण्णांनी जन्मात लाकडात खिळा मारला नव्हता. खिळा मारणं त्यांना चोरीसारखं वाटायचं. मोडक्या खाटेचा बाभळीचा पाय काढून त्यांनी तो त्या सागवानी खुर्चीला ठोकला होता. मी अंगणात हाकेची वाट बघत उभा राहिलो. हाक आली नाही.

दुसऱ्या दिवशी औषधं द्यायला गेलो तर स्वयंपाकघरात वहिनी खुर्चीवर, प्लास्टरचा हात मांडीवर, आणि ओट्याशी अण्णा. परातीत ज्वारीचं पीठ. भाकरी अण्णा करत होते.

"थापा म्हन्ते, हाणू नका. बांधावर खुटी ठोकताय का?"

"चिरती."

"चिरू द्या. पाणी लावा कडंला. हे काय, गेवराई तालुक्याचा नकाशा काढला का?"

अण्णांनी भाकरीकडं बघितलं. एक बाजू जाड, एक बाजू फाटलेली. ती परत गोळा करायला त्यांनी हात घातला.

"हात काढा," वहिनी म्हणाल्या. आवाज एकदम बदलला होता. "टाका तव्यावर."

"अगं पण अशी—"

"टाका."

त्यांनी परातीची कड धरली. मी दारातनं बघत होतो, मला वाटलं परात भिरकावतात आता. मग दोन्ही तळव्यांवर ती फाटकी भाकरी उचलून त्यांनी तव्यावर टाकली. त्यातली चतकोर मला मिळाली. कडंला करपलेली, मधी कच्ची. वहिनींना अण्णा हातानं भरवत होते. त्या खात होत्या. आणि खुर्ची, त्या जरा हलल्या की, टकटक वाजायची.

"पायाखाली ट्यूबचा तुकडा देतो," अण्णा म्हणाले.

"राहू द्या. वाजती म्हणून बसल्या बसल्या डुलकी लागत न्हाई मला."

प्लास्टर निघेपर्यंत दोन्ही वेळची भाकरी अण्णांनी केली. नंतर वहिनी स्वतः करायला लागल्या, त्याच खुर्चीवर बसून. डावा हात नुसता परातीला टेकलेला, काम सगळं उजव्याचं. पहिली भाकरी फुगली तेव्हा त्यांनी आम्हाला हाक मारली, आधी भाकऱ्या करून जाणाऱ्या त्या बाईलाही बोलावलं. "बघा, भाकरी याला म्हन्तेत."

त्यानंतर अण्णा वस्तू पुऱ्या करायला लागले. गल्लीत कुणाला फळी, कुणाला स्टूल. माझ्या दारात चपलांचं रॅक आहे, एका अंगाला कललेलं. माणूस बदलला असं कुणी म्हणेल. मी शेजारी होतो, मला दिसायचं. डोळा तोच होता, चूक दिसायचीच, आणि आतनं ते तसेच जळायचे. फरक एवढाच, की हातोड्याकडं हात गेला की ते हात मागं बांधून शेडच्या बाहेर पडायचे, स्टँडपर्यंत चालत जायचे, परत यायचे आणि ती वस्तू उचलून ज्याची त्याला देऊन टाकायचे. कधी दोन-दोन चकरा व्हायच्या. मला ते डोळा लावायला बोलवत नव्हते. चहाला बोलवायचे.

एका दुपारी मी शेडमध्ये गेलो आणि सांगितलं. पाय सरळ होता. रंधा थांबला. अण्णा माझ्याकडं न बघता म्हणाले, "गुण्या तर माझ्याच हातात व्हता, सुध्या."

मला हलकं वाटणार इतक्यात त्यांनी विचारलं, "तिला सांगितलं का?"

"न्हाई."

"मग मला कावून सांगतोस?"

आणि रंधा सुरू केला. छिलक्यांच्या वळकट्या माझ्या पायापाशी पडत राहिल्या. उत्तर ऐकायला ते थांबले नाहीत.

वहिनींना मी अजून सांगितलेलं नाही. अण्णा गेले, वहिनी पुण्यात महेशकडं असतात. त्यांना वाचायचा कंटाळा, पण हे छापून आलं तर नात वाचून दाखवेल. वहिनी, तुमचं मनगट माझ्यामुळं मोडलं. ती खुर्ची त्या दुपारी झालेली होती.

अण्णांना मी शेवटचं बघितलं ते दोघांना पुण्याला न्यायला महेश गाडी घेऊन आला त्या दिवशी. सामान भरून झालं. वहिनी पुढच्या सीटवर बसल्या होत्या. शेवटी खुर्ची. मागच्या डिकीत महेशनं आडवी घातली, उभी घातली, तिरपी घातली. पाठीचे दोन खांब चार बोटं बाहेर, दार लागेना.

"अण्णा, राहू द्या ही. तिकडं नवी घेऊ."

अण्णा शेडमध्ये गेले आणि करवत घेऊन आले. मला म्हणाले, "धर." मी खुर्ची धरली. मला वाटलं आता खिशातनं टेप निघेल, कानामागची पेन्सिल निघेल. त्यांनी करवत पहिल्या खांबावर ठेवली आणि ओढायला सुरुवात केली. मग दुसऱ्यावर. लाकडाची दोन डोकी फुफाट्यात पडली. एक खांब उंच, एक खाली, आणि दोन्ही काप तिरके.

मी हात काढले. अण्णांनी कापावरचा भुसा तळव्यानं झटकला, खुर्ची डिकीत सरकवली. दार लागलं.

पुढनं काच खाली करून वहिनींनी विचारलं, "सरळ कापलं का?"

"न्हाई," अण्णा म्हणाले आणि मागच्या सीटवर बसले.

"मग चला."